खंडेनवमीला पूजलेली कार्डं

सांगलीच्या ज्या कारखान्यात मी लागलो, तिथं नवाकोरा कॉम्प्युटर आला होता. रोज सकाळी तो सुरू केला की आधी त्याला सेटिंगची कार्डं चारायची. जाड कागदाची, भोकं पाडलेली. कागद किती रुंद, पाळ्या किती, सुट्टी कुठल्या वारी, हे मशीनला त्या भोकांतून कळायचं. क्रम चुकला की ते वाट्टेल ते छापायचं. ही कार्डं सांभाळणं एवढंच माझं काम, पण तोरा कलेक्टरचा.

त्याच सुमारास माझं लग्न ठरत होतं. मुलगी मला मनापासून आवडली होती. तिचे वडील साताऱ्याचे, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. म्हणाले, "नोकरी डोळ्यानं बघतो, मग सांगतो." दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते येणार होते.

आता खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा असते. पान्यांना कुंकू, लेथला हार. आमच्या भाविक साहेबांनी कॉम्प्युटरलाही हार घातला, इथवर ठीक. पण एका कार्डाला कुंकू लावायचं, तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? म्हणून त्यांनी ओल्या बोटानं प्रत्येक कार्डाला हळदकुंकू लावलं आणि गठ्ठा पुन्हा आवळून ठेवला. मी त्या दिवशी रजेवर होतो, नाहीतर आडवाच पडलो असतो.

सुभेदार आले, खुर्चीत ताठ बसले. मी ऐटीत गठ्ठा सोडला, तर त्याची गुळासारखी ढेप झालेली. कसंबसं पहिलं कार्ड सोडवून घातलं, ते मशीनमध्येच अडकलं. गेलं लग्न, म्हटलं.

साहेब पार ओशाळले. मग एकेक कार्ड सोडवून, खिडकीच्या उजेडाला धरून ते भोकं वाचायचे आणि मी नवीन कार्ड पंच करायचो. दुपार उलटली तेव्हा कुठं मशीन रडतखडत चाललं. सुभेदारांनी तोवर चहालाही हात लावला नव्हता.

"ह्याला रोज सगळं पयल्यापास्नं सांगावं लागतंय व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो. बंद केलं की विसरतं."

"आन् तू रोज सांगतोस? कटाळा येत न्हाई?"

"नाही येत."

ते उठले, टोपी नीट केली. दारात थांबून म्हणाले, "माझी लेक एकदाच सांगती. ध्यानात ठेवायचं."

हा होकार होता, हे माझ्या टाळक्यात शिरेपर्यंत त्यांची साताऱ्याची गाडी सुटली होती.