आप्पांनी सोडलेली शांत खुर्ची

आज माझं डोकं ठिकाणावर आहे ते ग्राइंडिंगवरच्या आप्पांमुळे, हे आधीच लिहून टाकतो. पुढं लिहिताना माझा गोंधळ होतो. येळ्ळूरहून सायकलनं आमच्या बेळगावच्या फौंड्रीत, लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, येणारा असला माणूस साऱ्या जगात दुसरा नसेल. मी लातूरकडचा, नववीत शाळा सोडलेला, इथं ओळखीचं कुणी नाही. पहिल्या दिवशी आप्पांनी पोटावर हात फिरवून भुवई उडवली. मला वाटलं, पोट दुखतंय. ते जेवायला बोलवत होते. मशिनींच्या आवाजात सगळेच हातवाऱ्यांनी बोलतात. आप्पा ते बाहेरही सोडत नाहीत. पुतणीच्या लग्नात त्यांनी व्याह्यांना नुसता तळहात खाली दाबून 'बसा' म्हटलं, तर व्याही रुसून उठले. कानातले बोळे ते कामावर खिशात ठेवतात आणि घरी घालतात. म्हणतात, "मशीन बिघडलं की आवाजानं कळतंय रं. घरात काय कळायचं ऱ्हायलंय?"

मला मात्र काहीच कळेनासं झालं होतं. शिफ्ट सुटली की साधे शब्द सापडत नसत. एकदा आईशी फोनवर बोलताना बहिणीचं नावच आठवेना. डोकं गेलं तर घरी काय सांगू? अशात कॉलेजची माणसं आली, आमच्या डोक्यावर वायरींची टोपी घालून आवाजात मेंदू कसा चालतो ते बघायला. मी संडासात लपलो. आप्पांनी मला ओढून आणलं आणि आधी स्वतः टोपी घातली. कॉलेजच्या मुलीनं मशिनींचा मोठा आवाज लावून विचारलं, "शंभरातून सात गेले?" आप्पांनी नऊ बोटं दाखवली, मग तीन.

"तोंडानं सांगा, मामा."

"एवढ्या आवाजात तोंड कोण उघडतंय गं आक्का?"

मग टोपी मी घातली. माझी उत्तरं शांततेत बरोबर आली, आवाजात सगळी चुकली. ती म्हणाली, "मेंदू बिघडलेला नाही. गोंगाटात त्याला जास्त राबावं लागतं, दमलाय." दमलेला आणि बिघडलेला यातला फरक मला कळेना. आप्पांना कळला असावा. पॅकिंगच्या शांत खोलीतली जागा इतक्या वर्षांनी त्यांना मिळणार होती. ते सुपरवायझरला म्हणाले, "तिथं ह्याला बसवा. मला शांततेत लई झोप येतंय."

आता त्या खुर्चीवर मी बसतो. शब्द परत येतायत. परवा सायकलपाशी आप्पा थांबले, माझं नाव शोधत राहिले, आणि शेवटी नुसता हात करून निघून गेले.

ही खुर्ची मी त्यांना एक दिवस परत देणार. ग्राइंडिंगवर मी उभा राहीन. आप्पा, तेवढं लक्षात ठेवा.