नोंदवहीतलं अक्षर

आमचा दादा खोटं बोलत नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, बहीणच भावाच्या मुळावर उठलीय.

दादा फील्ड इंजिनिअर. डोंगरात, माळावर, धरणाच्या कडेला भूकंपमापक बसवायचे आणि ते बंद पडू द्यायचे नाहीत, हे त्याचं बत्तीस वर्षांचं काम. प्रत्येक ठिकाणी एक बुटकी खोली, आत काँक्रीटचा ओटा, ओट्यावर यंत्र, छपरावर सोलर पॅनेल आणि ऑफिसला सिग्नल पाठवणारा अँटेना. उंदरांनी केबल कुरतडली, बॅटरी बसली, की निघाला दादा. कुणाची म्हैस कुंपणाला अंग घासत उभी राहिली तरी ते यंत्रात उमटतं म्हणे. घरीही तो तसाच. मी ‘पाच मिनिटांत आले’ म्हटलं की घड्याळ बघून ‘सात’ म्हणायचा. वहिनीने या माणसाबरोबर संसार कसा केला ते तिचं तिलाच माहीत.

आमच्या ह्यांना तिथे त्यानेच चिकटवलं. हे वायरमन. यांचा कारखाना बंद पडला तेव्हा दादा म्हणाला, “भाऊजी, घरी बसून काय करताय, चला माझ्याबरोबर.” हे त्याचे सहायक झाले, पण कंत्राटावर. दरवर्षी कागद नवा, काम तेच. एकोणीस वर्षं दोघं एका जीपमधून फिरले, एका डब्यात जेवले. भाऊ आणि नवरा एकमेकांना धरून आहेत, बाईमाणसाला आणखी काय हवं, असं मी शेजारणीला सांगायचे. अक्कल गहाण पडली होती माझी.

या कामात एक रीत आहे. ज्याचे हात यंत्रावर, तो तोंडाने सांगतो आणि दुसरा नोंदवहीत लिहितो. हात कायम दादाचे, त्यामुळे सगळ्या वह्या यांच्या अक्षरात. अक्षर मोत्यासारखं, कुठे खाडाखोड नाही.

यंत्रावर एक बाण असतो. तो बरोबर उत्तर दिशेला ठेवावा लागतो, नाहीतर हादरा कुठून आला याचा हिशोबच वाकडा होतो. टेकडीवरचं स्टेशन बसवलं त्या दिवशी खोलीला लोखंडी दार आधीच लागलं होतं. हे म्हणाले, “दादा, दाराने होकायंत्राची सुई ओढली जाईल. बाहेर लांब जाऊन दिशा घेऊ आणि दोरीने रेघ आत आणू.” दादाला अजून दुसरं स्टेशन गाठायचं होतं. तो खेकसला, “भाऊजी, तुम्ही केबलचं बघा.” मग आतून ओरडला, “लिहा, उत्तर दिशा तपासून निश्चित केली.” यांनी लिहिलं. घरी आल्यावर यांनीच मला हे हसत हसत सांगितलं होतं.

अकरा वर्षांनी ते यंत्र बदलायची वेळ आली. आता दादाकडे लोखंडाला न भुलणारं नवं उपकरण होतं. त्याने मोजलं तर बाण तेरा अंशांनी तिरका. दुसरा कोणी असता तर त्याने बाण गुपचूप सरळ करून झाकण लावलं असतं. दादाने त्याच दिवशी ऑफिसला कळवलं. म्हटलं ना, खोटं बोलत नाही.

ऑफिसात गदारोळ झाला. अकरा वर्षांच्या नोंदी चुकीच्या, त्यांच्यावर लोकांनी प्रबंध लिहून मोठमोठ्या पदव्या घेतलेल्या. तिघांची समिती बसली. त्यांनी वही उघडून दादाला विचारलं, “ही नोंद कुणाच्या अक्षरात आहे?”

“सहायकाच्या,” दादा म्हणाला.

झालं. बाण कुणी ठेवला, हे त्यांनी विचारलंच नाही. तिघंही जन्मभर फील्डवर फिरलेले, लिहिणाऱ्याचा हात यंत्राला लागत नाही हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? पण इंजिनिअर कायम नोकरीतला आणि सहायक कंत्राटी. गरीब गाय सापडली. मग यांना आत बोलावून विचारलं, “अक्षर तुमचं?” हे म्हणाले, “हो.”

“आणि पुढे तोंड का नाही उघडलंत?” मी घरी विचारलं.

“दादा बाहेरच बसले होते. मला वाटलं, ते सांगतील.”

कंत्राट संपलं. हातात पत्र आलं, ‘सहायकाच्या निष्काळजीपणामुळे’. असली यंत्रं सांभाळणाऱ्या आणखी दोन ऑफिसांत हे जाऊन आले. पत्राची गोष्ट यांच्या आधी तिथे पोचलेली.

मी तडक दादाकडे गेले. म्हटलं, “एक ओळ लिहून दे. बाण मी ठेवला, एवढंच.”

“मला विचारलं असतं तर मी खोटं बोललो नसतो, चिमे. कोणी विचारलंच नाही.”

“मग मी विचारते.”

“तू समिती नाहीस.” मग म्हणाला, “मला आठच महिने राहिलेत. निवृत्त झालो की बोलेन. शब्द देतो.”

त्या शब्दावर आम्ही आठ महिने काढले. हे लोकांचे पंखे दुरुस्त करत होते आणि मला म्हणत होते, “दादा बोलतील गं.”

निरोपाच्या दिवशी मी यांना घेऊन मुद्दाम पहिल्या रांगेत बसले. मोठे साहेब म्हणाले, “स्वतःच्या स्टेशनातली चूक स्वतः शोधून कळवणारा असा माणूस पुन्हा मिळणार नाही.” टाळ्या पडल्या. दादाचे पेन्शनचे सगळे कागद त्याच्या हातात आले होते, आता कुणी त्याच्या केसालाही धक्का लावू शकत नव्हतं. तो बोलायला उभा राहिला. बॅटरीच्या पेटीत निघालेला साप, ओढ्यात अडकलेली जीप, सगळं रंगवून सांगितलं. ड्रायव्हरचे आभार मानले, वहिनीचे मानले. मग म्हणाला, “आणि आमचे भाऊजी, पडेल ते काम केलं त्यांनी.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. यांनीही वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर दादा व्हरांड्यात माझ्याजवळ आला. गळ्यात हार तसाच होता.

“झालं गेलं विसर, चिमे. विषय निघाला असता तर बोललो असतो. कोणी काढलाच नाही.”

“दादा,” मी म्हटलं, “आज तुला कोणी काहीच विचारलं नव्हतं. तरी अर्धा तास बोललास.”

त्याने हार काढून वहिनीच्या हातात दिला. तेवढ्यात गाडी आली. यांनी सवयीने दादाची हत्यारांची पेटी उचलली, गाडीत नीट ठेवली आणि बाहेरून दार लावलं. मी यांच्यासाठी थांबले नाही, एकटीच घरी निघाले.