समुद्राकडून आलेला राबाचा वास

आधीच सांगून ठेवते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. शहापूरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रस्त्यात उतारा टाकलेला दिसला की लोक वळसा घालतात, मी त्यावरून स्कूटर नेते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच जरा लाज वाटतेय... पण घडलं ते घडलं.

आम्ही तिघी. मी आणि सुनंदा मुरबाड तालुक्यातल्या एकाच गावच्या, म्हसा रस्त्याला आमची घरं लागून, शेतंही लागून. तिसरी हर्षदा, कॉलेजपासूनची मैत्रीण, आसनगावला बिल्डिंगमध्ये वाढलेली. भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने फिरायचं खूळ तिचंच. बार्सिलोना, मार्सेय, नीस, जेनोवा. विमान सोडलं तर सगळा प्रवास बसने, झोपायला हॉस्टेलचे बंक बेड, आणि जेवायला घरून नेलेलं तांदळाचं पीठ नि सुकट. मार्सेयच्या हॉस्टेलात सुनंदाने सुकट भाजली तेव्हा अख्खा मजला रिकामा झाला होता.

काटकसरीच्या नादात आम्ही एक दीडशहाणपणा केला होता. तिघींत मिळून एकच सिम, हर्षदाच्या फोनमध्ये. बाकी दोघी तिच्या हॉटस्पॉटवर. म्हणजे हर्षदापासून लांब गेलं की आपला फोन नुसता टॉर्च.

जेनोवाच्या पुढे समुद्राला धरून, डोंगरातून एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारी पायवाट आहे. एप्रिल महिना, दुपारची वेळ. परत बोटीने जायचं की चालत, यावरून सुनंदा आणि हर्षदाची चांगलीच जुंपली. सुनंदा म्हणाली, "पाय हायेत ना देवानं दिलेले? मी चालली!" आणि खरंच निघाली. तिच्या नाकावरच राग, चढतो तसा उतरतो. आम्ही म्हटलं, पुढच्या वळणावर बसलेली सापडेल.

सापडली नाही. आणि तेवढ्यात समुद्रावरून धुकं वर आलं. आपल्या माळशेजला येतं ना, तसंच, बघता बघता.

हाका मारल्या. उत्तर नाही. पुढे वाटेला फाटा होता. वरची वाट गावाकडे, पाटी लावलेली. खालची समुद्राकडे, दोरी बांधून बंद केलेली. कोणीही वरच जाईल. आम्हीही वर वळलो. हर्षदा रडकुंडीला आलेली, कारण भांडण तिनेच काढलं होतं.

आणि मला राबाचा वास आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे भाताचं बी पेरायच्या आधी त्या जागेवर शेण, तोडलेला पाला, गवत असे थर रचतात, वर माती टाकतात आणि भाजतात. तो राब. शेणाचा आणि ऐनाच्या पाल्याचा तो धूर दुसऱ्या कशाचा वाटूच शकत नाही. कपड्यांत बसला की धुतला तरी जात नाही. आणि राब पेटवून कोणी घरी जात नाही. वणवा लागेल म्हणून ओली डहाळी घेऊन माणूस उभा असतोच. लहानपणी करवंदं काढायला डोंगरात गेलो की घरची माणसं बजावायची, वाट चुकली तर राबाच्या धुराकडे चालत जा, माणूस भेटेल.

वास खालून येत होता. समुद्राकडून.

"हर्षू, धुराचा वास येतोय?"

"कसला धूर? मला खारट वासाशिवाय काही येत नाही. चल ना वर!"

पण मी तिथेच थांबले. मला येतोय म्हणजे सुनंदालाही आला असणार, आणि वाट चुकलेली सुनंदा काय करेल हे मला पक्कं माहीत होतं. मी दोरी ओलांडली.

वाट कसली, नुसते निसरडे दगड. हर्षदा मागून मला शिव्या घालत येत होती. मी वासामागे चालत होते आणि ओरडत होते. "सुनेऽऽ!"

खालून आवाज आला, "हळू ये गो! हितं वाट तुटलीय!"

खडकाच्या एका चिंचोळ्या कंगोऱ्यावर ती पडली होती. पाय घोट्यात वाकडा, अंगावरचं सगळं चिंब, आणि खाली लाटा आपटत होत्या. अजून हातभर पुढे गेली असती तर... पुढचं मी लिहीत नाही. मी तिला घट्ट धरलं आणि चक्क रडले. हर्षदाच्या फोनला तेवढी रेंज होती, तिने मदत बोलावली.

"हिकडं कशाला उतरलीस गो मेले?" मी तिला विचारलं.

"कोणतरी राब भाजत व्हतं ना," सुनंदा म्हणाली. "म्हटलं माणूस आसंल. तुला नाय आला वास?"

आला, म्हटलं. तोवर वास गेला होता.

बचाव पथकाच्या लोकांनी तिला दोराने वर घेतलं. त्यांच्यातल्या एकाला हर्षदाने फोनवर भाषांतर करून विचारलं, इथे खाली कोणी काही जाळतं का? तो म्हणाला, वर बागांत ऑलिव्हच्या छाटलेल्या फांद्या जाळतात, पण खाली खडक आणि पाणी, तिथे काय जाळणार? आणि असंही म्हणाला, की बंद वाटेवर त्यांचं पथक सकाळपर्यंत तरी शोधायला आलं नसतं. त्या ओल्यात, त्या लाटांच्या तोंडाशी, सकाळपर्यंत...

मी लॅबचं डोकं लावून पुष्कळ विचार केला. ऑलिव्हच्या फांद्या? त्यात शेण नसतं, आणि वारा समुद्रावरून होता. घरच्या आठवणीने झालेला भास? मग दोघींना, वेगवेगळ्या जागी, तोच भास कसा होईल? तरीही मी भासावरच विषय मिटवला असता. पण दवाखान्यात सुनंदाचं ओलं जॅकेट पिशवीत भरताना हर्षदाने, जिला वाटेवर कसलाच वास आला नव्हता, ते नाकापाशी नेलं. "ई, हे काय जळकं? शेण जाळल्यासारखं?"

घरी आल्यावर सुनंदाच्या आईने ऐकलं आणि हात जोडले. "आपलाच कोणी आसंल. राखण केली पोरीची." आणि काय सांगू, मलाही तेच वाटायला लागलं होतं. त्या वासाने माझी मैत्रीण मला परत दिली, मला एवढंच दिसत होतं.

यंदा राबाचे दिवस आले तेव्हा मी सुनंदाकडे गेले. भर दुपारी, एवढ्या उकाड्यात, घराच्या सगळ्या खिडक्या बंद. बाहेर तिचे वडील राब भाजत होते.

मी म्हटलं, "अगो, ज्यानं वाचवलं त्यालाच घाबरतेस?"

ती म्हणाली, "तुला त्यानं माझ्यापर्यंत आणलं, कबूल. पन मला त्या वाटंनं खाली कोणी नेलं? त्यानंच ना? मंग मी त्याच्या पाया पडू का त्याला शिव्या देऊ... तू सांग."