ठेवणीतला स्वेटर

अनगोळच्या अंबूबाईंना विणकामात चूक खपत नसे. शहापुरात हातमागावर साड्या विणणाऱ्या घरात त्या वाढल्या, आणि मागावरची ती शिस्त त्यांनी लोकरीच्या सुयांवर आणली होती. स्वेटरची पाठ अर्धी होत आल्यावर खाली कुठे एक टाका उलटा पडलेला दिसला, तर सगळे उसवून त्या पहिल्यापासून विणायला बसत. सहासष्टाव्या वर्षी बोटांचे सांधे धरू लागले होते. हिवाळाभरात कसेबसे दोन स्वेटर होत. म्हणूनच ते दोन कोणाच्या अंगाला ऊब देतात, याची त्यांना काळजी होती.

ही काळजी त्यांच्या विणकाम मंडळात इतर कोणाला असल्याचे दिसत नव्हते. मागच्या वर्षी मंडळाने जांबोटीच्या पलीकडल्या एका वाडीतील मुलांना स्वेटर वाटले. वाटले म्हणजे काय, तर गाडी केली, छायाचित्रकार नेला, दीड तास भाषणे केली, तेवढा वेळ मुले थंडीत उघड्यावर उभी ठेवली आणि मग त्यांच्या अंगावर स्वेटर चढवून फोटो काढले. फोटोत उठून दिसावा म्हणून रंगही पांढरा ठरवला होता. जिथली माती पायरीपासून पाटीपर्यंत सगळे तांबडे करून सोडते, तिथल्या मुलांना पांढरी लोकर. यावर कोणी चकार शब्द काढला नाही. अंबूबाईंनीही नाही, कारण त्यांची वेणीसारख्या पिळाची नक्षी पांढऱ्यावरच खुलत असे.

यंदा पुन्हा तोच बेत निघाला, तेव्हा मागचे स्वेटर मुले घालतात का, हे आधी कोणीतरी पाहून यावे, असे त्यांनी सुचवले. अध्यक्ष पूर्णिमाबाई हसून म्हणाल्या, कार्यक्रमाच्या दिवशी दिसेलच की सगळे. दिलेल्या वस्तूची चौकशी करणे आपल्याकडे असभ्यपणाचे मानतात. देताना फोटो काढणे मात्र सभ्य ठरते.

जानेवारीतल्या एका सकाळी अंबूबाई एकट्याच बसने जांबोटीला उतरल्या आणि तासभर चालून वाडीवर पोहोचल्या. वाटपाच्या दिवशी त्यांनी स्वतः विणलेला स्वेटर त्यांच्याच हातून राणी नावाच्या बाईच्या धाकटीला मिळाला होता. ती पोर अंगणवाडीच्या पायरीवर बसलेली दिसली. आईची जुनी साडी चौपदरी करून अंगाभोवती गुंडाळलेली, आणि ती मधूनमधून खोकत होती. स्वेटर कुठे आहे म्हणून विचारले, तर घरात हाय, एवढेच म्हणाली.

अंबूबाईंच्या मनात नको ते आले. स्वेटर विकला असेल, नाहीतर कोणा नातलगाच्या पोराला दिला असेल. त्या तणतणतच राणीच्या दारात गेल्या. राणीने त्यांना लगेच ओळखले, पाणी दिले, चहाचे आधण ठेवले आणि स्वेटरचा विषय निघताच मोठ्या कौतुकाने ट्रंक उघडली. स्वच्छ पंच्यात, कडुलिंबाचा वाळका पाला घालून ठेवलेला स्वेटर तिने बाहेर काढला. त्याचा एक टाकाही मळला नव्हता.

"पोर तिकडं खोकतीया, आणि ह्यो पेटीत?" अंबूबाईंनी विचारले.

"आक्का, असला स्वेटर रोज कोन घालतंय?" राणी म्हणाली. "जत्रंला घातलता की एकदा. लई जनांनी हात लावून बघितला."

वाडीतल्या सगळ्याच स्वेटरांचे असे झाले होते. इतके बारीक काम मातीत लोळवायला कोणाचे मन होत नव्हते. शिवाय गाडीतून आलेल्या बायकांनी पुन्हा येऊन पाहिले आणि मळवलेला दिसला, तर पुढे काही द्यायच्या नाहीत, अशीही धास्ती होती.

अंबूबाईंनी चाळीस वर्षे जी सफाई मिरवली, तिच्याच पायी ही पोर वर्षभर कुडकुडली होती. त्यांनी तिला हाक मारून स्वेटर अंगावर चढवून पाहिला. अंगात ढगळच होता, पण बाह्या मनगटाच्या चार बोटे वर राहिल्या.

पिशवीत तपकिरी लोकरीचा एक उरलासुरला गुंडा होता आणि थोडी हिरवी लोकर. अंगणातल्या उन्हात बसून त्यांनी बाहीच्या कडेचे टाके सुईवर उचलले आणि साधे सुलट-उलट विणत ती लांबवली. दुसऱ्या बाहीला तपकिरी लोकर निम्म्यातच संपली, तशी त्यांनी पुढे हिरवी जोडली. राणी शेजारी शेंगा सोलत बसली होती. तिचा हात थांबला.

"आक्का, सोभा गेली की त्याची."

"व्हय, गेली," अंबूबाई मान वर न करता म्हणाल्या. "आता अंगावरनं काढू नकोस. मळला तर धू. उसवला तर निरोप धाड, मी हाय."

राणी थोडी हिरमुसली, पण तिने लेकीला जवळ ओढून तिच्या गळ्यातून स्वेटर घातला. या वेळी बाह्या तळव्यापर्यंत आल्या. पोरीने दोन्ही हात आत ओढून पाहिले, पुन्हा बाहेर काढले, साडी तिथेच टाकली आणि पळाली. कुंपणाशी पोहोचण्याआधीच तिने हिरव्या बाहीला नाक पुसले आणि कोंबडीच्या पिलामागे गुडघ्यांवर मातीत बसली.

राणी ओरडणार होती. अंबूबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला.