मावशीचा हॉर्न

बोर्लीच्या बाजारात आमची मासेवाली मावशी बसते. मासळी शिळी असेल एखादे दिवशी, तिचा आवाज कधीच नाही. गेल्या वर्षी ट्रकने तिचा पाय मोडला. तिने भरपाईचा दावा लावला आणि दर तारखेला त्याच ट्रकमधून, त्याच ड्रायव्हरशेजारी बसून कोर्टात गेली!

एकदा ती ट्रकमध्ये चढताना मी विचारलं, "मावशी, त्याच्याच गाडीतून?"

"मंग? माजं भांडण विम्यावाल्यांशी हाय. पोरगा गुणाचा हाय, हॉर्न तेवढा वाजत न्हाय." मग ड्रायव्हरकडे वळून, "हळू चालव, मेल्या!"

परवा भरपाई मिळाली. तिने सगळ्यांत आधी ट्रकला नवा हॉर्न बसवून दिला. आता तो वळणावर वाजला, की गिऱ्हाईक सोडून मावशी काठी टेकून उभी राहते आणि अख्ख्या बाजाराला ओरडून सांगते, "बाजूला व्हा रं, माजा हॉर्न आला!"