अण्णांनी सांगून टाकलेली धाड

माझे सासरे अण्णा कुठल्याही घराच्या उंबरठ्यावर क्षणभर थांबून श्वास आत ओढत. सारी नोकरी वर्धा जिल्ह्यात, दारूबंदी खात्यात गेलेली. रिटायर झाले तरी नाक कामावरच होतं.

दोन हजार चौदाच्या हिवाळ्यात ते आमच्याकडे न्यूझीलंडला, पामर्स्टन नॉर्थमध्ये राहायला आले आणि दुसऱ्याच दिवशी कुंपणापाशी उभे राहून म्हणाले, "मीरा, शेजारी दारूचा सडवा लागलाय."

"अण्णा, कंपोस्ट असेल."

"कंपोस्टला असा वास येत नाही."

शेजारी ग्रॅहम, एकटा राहणारा म्हातारा. आम्ही नवीन असताना त्यानेच ट्रेलर आणून आमचं सामान हलवलं होतं. त्याने अण्णांना गॅरेजमधली तांब्याची भट्टी कौतुकाने दाखवली. "लीगल आहे, मेट!" माझ्या नवऱ्याने, नितीनने, घरी आल्यावर कायदा वाचून दाखवला. स्वतःपुरती दारू घरी गाळायला इथे परवानगी आहे, विकायला मात्र नाही. अण्णांनी चष्मा काढला. "स्वतःपुरती," एवढंच म्हणाले. पण ग्रॅहमने दिलेल्या फिजोआच्या फळांना त्यांनी हात लावला नाही.

मग एका शनिवारी विद्यापीठातली पोरं गॅरेजपाशी पैसे देऊन बाटल्या नेताना दिसली. अण्णा सरळ पलीकडे गेले. मी मागे धावले. आपल्या सरकारी इंग्रजीत ते ग्रॅहमला म्हणाले, "तुम्ही विकताय. आज बंद करा. नाहीतर मी कळवणार."

ग्रॅहम आधी हसला. मग म्हणाला, "हा तुमचा देश नाही."

परतताना अण्णा मला म्हणाले, "आयुष्यात कधी सांगून धाड टाकली नाही. याला सांगितलं. शेजारी म्हणून."

त्या रात्री नितीनचा आवाज पहिल्यांदा वडिलांवर चढला. "तुम्ही चार महिन्यांनी जाल, अण्णा. आम्हाला इथंच राहायचंय!" अण्णा ताटावरून उठले नाहीत, पण जेवलेही नाहीत.

पुढच्या शनिवारी पोरं पुन्हा आली. नितीन बाहेर गेला होता. अण्णांनी फोन माझ्यापुढे ठेवला. "माझं इंग्रजी इथल्या सरकारी माणसांना कळायचं नाही. तू बोल."

"कशासाठी अण्णा? इतका चांगला माणूस आहे तो."

"तोही चांगलाच होता," अण्णा म्हणाले. पहिल्या पोस्टिंगच्या गावातला एक माणूस, रोज यांना भाकरी खाऊ घालणारा. त्याची भट्टी अण्णांनी समज देऊन सोडली होती. "नंतर गेलो तेव्हा त्याची दारू प्यायलेली माणसं डोळे चोळत ओसरीवर बसली होती. भर दुपारी म्हणत होती, दिवा लावा."

मी नंबर फिरवला.

सरकारी माणसं आली, भट्टी उचलून घेऊन गेली. ग्रॅहम रबरी चपला घालून ड्राइव्हवेवर उभा होता. तो अण्णांकडे नाही, माझ्याकडे बघत होता. आठवडाभरात त्याने कुंपण उंच करून घेतलं. स्ट्रीटवरच्या दोन घरांनी आम्हाला हात करणं सोडलं. नितीन माझ्याशी कामापुरतं बोलू लागला. अण्णा डेकवर बसून कुंपणाची ती नवी फळकुटं बघत राहायचे. एकदा म्हणाले, "धाड संपली की आम्ही जीपमध्ये बसून निघून जायचो. मागं काय राहतं, ते आत्ता बघतोय."

परत जायच्या दिवशी ते ग्रॅहमचा निरोप घ्यायला गेले. त्याने दार उघडलं, त्यांना पाहिलं आणि लावून घेतलं. गाडीत बसल्यावर अण्णा मला म्हणाले, "तू त्याच्याशी बोलणं सोडू नकोस. उत्तर नाही दिलं तरी."

मी सोडलं नाही. रोज कचऱ्याचा डबा, पोस्टाची पेटी, काहीतरी निमित्त काढून "मॉर्निंग, ग्रॅहम" म्हणायचे. तो मान वळवायचा. अण्णा फोनवर आधी तेच विचारत, "बोलला का?"

"नाही, अण्णा."

"बरं. आपण बोलायचं."

अण्णा वारले, त्याला वर्ष होत आलं होतं. मी वाळत घातलेले कपडे काढत होते, तेव्हा पलीकडचं गवत कापायचं मॉवर थांबलं आणि फळकुटांवरून आवाज आला, "म्हातारा कसा आहे?"

मी सांगितलं.

मॉवर पुन्हा सुरू झालं नाही. अर्धं लॉन तसंच राहिलं.