रोसासानची कोंबडी

स्पॅनिशमध्ये कोंबडीला ‘गाइना’ म्हणतात हे मला ठाऊक नसतं, तर आमचा शेजारधर्म आज सुखात नांदला असता.

जपानमधल्या उरायासुच्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर पेरू देशाच्या रोसासान राहतात. पुण्याहून आलेल्या आईने त्यांना पुरणपोळ्या दिल्या आणि रविवारी दुपारी मी बाहेरून येतो तो काय, टेबलावर झाकलेला बाऊल! आत पिवळाजर्द रस्सा, वर चिठ्ठी: ‘अही दे गाइना’. चाळीस दिवस मोबाइलवर स्पॅनिश शिकत असल्याने (रोज एक चांदणी मिळते!) माझ्या काळजात धस्स झालं. आईने सत्तर वर्षांत अंड्यालाही हात लावलेला नाही. इथे साधं बिस्किट घेताना मी पाकिटावर मोबाइल धरून माशाचा अंश शोधतो, आणि घरात अख्खी कोंबडी?

“आणि अर्धाच भरलाय बघ,” मी माझ्या दहा वर्षांच्या मुलाला, निहारला म्हणालो. “मनात पाप असलं की हात असा आखडतो!”

“बाबा, वर जाऊन विचारा ना.”

“असं विचारतात का? वाईट दिसतं!”

निहारने डिक्शनरी उघडली. “गाइना. कोंबडी. भित्रा माणूस. आंधळी कोशिंबीर खेळताना डोळे बांधलेला गडी पण गाइनाच. आणि अंगावर काटा आला की गाइनाची कातडी.”

पहिला सोडून सगळे अर्थ मला लागू होते, पण तेव्हा ते सुचलं नाही. आईची वामकुक्षी संपायच्या आत रस्सा कचऱ्याच्या पिशवीत गेला!

“बाऊलमधलं संपवलंस का रे?” उठल्याउठल्या तिने विचारलं.

“संपवलं.” (यात खोटं काय होतं?)

“बरं केलंस.”

सोमवारी सकाळी पिशवी ठेवायला खाली गेलो. जपानमध्ये ही पिशवी आरपार दिसणारी असते आणि कचऱ्यावर लक्ष ठेवायची पाळी रहिवाशांमध्ये फिरते. त्या दिवशी पाळी कोणाची? रोसासानची! पिशवीतला पिवळा रंग त्यांनी लांबूनच ओळखला.

“नाव तेवढं कोंबडीचं, कोंबडी नव्हती हो त्यात,” त्या जपानीत हळूच म्हणाल्या. “आईंसाठी मश्रूम घातले होते. तीन दुकानांत लेबलं वाचली, तुमच्यासारखीच.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात मागून आई आली आणि रोसासानचे हात धरून चक्क मराठीत म्हणाली, “काय सुंदर झालं होतं गं! अर्धं तर मीच खाल्लं.”

“आई! तुला संशय नाही आला?”

“आला ना! म्हणून दारातच विचारलं.” आईने दोन्ही कोपरं पंखांसारखी फडफडवली, ‘कॉक् कॉक्’ केलं आणि भुवया उंचावल्या. “ती नाही म्हणाली, मी खाल्लं. तू एवढा स्पॅनिश शिकतोस, तुला नाही विचारता आलं?”

रोसासान पोट धरून हसल्या. आईकडे बघून, माझ्याकडे नाही.

स्पॅनिशचं ॲप मी त्याच दिवशी उडवलं. हल्ली आईकडेच शिकवणी लावली आहे. ती म्हणते, कॉक् कॉक् बरं जमतंय, पंख मात्र अजून कच्चे आहेत.